तज्ज्ञाने स्वतः ऐकून ठरवावे

माझा शब्द अंतिम मानावा, असं आजवर कुणी मला तोंडदेखलंही म्हटलं नव्हतं. घरात माझा शब्द अंतिम असतो तो फक्त क्रमानं. सगळ्यांचं बोलून झालं की मी बोलतो, आणि तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. त्यामुळे एका छापील करारात 'तज्ज्ञाचा निर्णय अंतिम व उभय पक्षांवर बंधनकारक राहील' या वाक्याच्या वर स्वतःचं नाव पाहिलं तेव्हा मी ते पान बायकोच्या समोर, तिच्या वर्तमानपत्रावरच ठेवलं.

तिनं वाचलं, चष्मा काढला आणि काहीतरी म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

करार होता एक निवेदिका आणि एक ठेकेदार यांच्यातला. निवेदिका म्हणजे पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करणारी, पन्नाशीची, एकटीच्या बळावर धंदा उभा केलेली बाई. तिनं एका कचेऱ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली आणि त्यात वाचनासाठी एक बंद खोली बांधून घेतली. ठेकेदार वातानुकूलनाच्या कामात मुरलेला. खोलीत गार हवा तर यायला हवी, पण तिचा आवाज यायला नको, हे त्याचं काम. दोघांनाही कोर्टाची पायरी चढायची नव्हती, म्हणून करारात एक कलम घातलं: यंत्र चालू असताना खोलीत कानाला जाणवेल असा आवाज येतो की नाही, याबद्दल वाद झाल्यास तज्ज्ञाने स्वतः ऐकून ठरवावे. साक्षीपुरावे नाहीत, उलटतपासणी नाही, अपील नाही. तज्ज्ञ येणार, ऐकणार, सांगणार. तो चुकला तरी त्याचं म्हणणं दोघांना बंधनकारक. अट एकच, विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर त्यानं ठरलेल्याच पद्धतीनं द्यायचं.

मी जन्मभर अभियांत्रिकी कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर कारखान्यांच्या गोंगाटावरच्या दोन-तीन समित्यांवर बसलो आणि तिथं बहुतेक वेळा बसलोच. करार झाला तेव्हा ठेकेदारानं फोन करून विचारलं, "सर, तुमचं नाव घालू का?" मी हो म्हटलं. कलम वाचून दाखवू का, असंही त्यानं विचारलं असावं. मी त्यालाही हो म्हटलं असावं. फोनवर मी एकूणच हो फार म्हणतो.

वाद व्हायचा तो झाला. निवेदिकेचं म्हणणं, बारीक, चिरका, सलग आवाज येतो, वाचताना डोक्यात सुई फिरल्यासारखं होतं. ठेकेदाराचं म्हणणं, काही येत नाही, बाईंना काम पसंत नसल्याचं निमित्त हवंय. तिनं खोली बंद ठेवली. त्यानं वकील नेमला. आणि मला बोलावणं आलं.

पहिल्या भेटीला मी टाय लावून गेलो. तिथं ती दोघं होती, आणि ठेकेदाराचा वकील. वकील तरुण होता, अतिशय नम्र, आणि अशा नम्र माणसांची मला पूर्वीपासूनच भीती वाटते. खोली छोटी होती. भिंतींना राखाडी स्पंज, एक टेबल, एक खुर्ची, तोंडाशी येईल असा मायक्रोफोन आणि समोर काच. मी खुर्चीत बसलो, आवाज मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं, दार लावून घेतलं. काचेपलीकडून ठेकेदारानं बटण दाबल्याची खूण केली.

मी डोळे मिटले. शांतता. इतकी निर्मळ शांतता मी फार दिवसांत ऐकली नव्हती. मनात म्हटलं, ठेकेदारानं काम झकास केलंय, आता बाईंना कसं सांगायचं एवढाच प्रश्न.

डोळे उघडले तर निवेदिका दार उघडून आत आली होती. तिनं कपाळ आक्रसून छताकडे बोट केलं. "आला ना?"

"हं," मी म्हणालो.

या 'हं'वर मी आयुष्य काढलंय. त्याचा अर्थ समोरच्यानं आपापल्या सोयीनं लावायचा असतो. तिनं सुस्कारा सोडला. तिच्या मागून ठेकेदार म्हणाला, "बघा सर, टाचणी पडली तरी ऐकू येईल." मी त्यालाही तेच उत्तर दिलं आणि त्यालाही बरं वाटलं.

मग माझं लक्ष टेबलावरच्या यंत्राकडे गेलं. पडद्यावर खालच्या पट्टीत सगळं सपाट होतं, पण वरच्या पट्टीत, उजवीकडे, एक रेघ ताठ उभी होती. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. रेघ तिथंच. सेल काढून पुसून घातले. रेघ तिथंच. तज्ज्ञाचा पहिला संशय नेहमी यंत्रावर जातो. स्वतःवर जायला त्याला घरी जावं लागतं.

"निर्णय लेखी कळवीन," असं म्हणून मी तिथून निघालो. निघालो म्हणजे सटकलोच.

घरी येऊन मी त्या यंत्रानं केलेलं तिथलं ध्वनिमुद्रण संगणकावर लावलं. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. अगदी शेवटापर्यंत वाढवला आणि पुढे वाकून कान लावला, तर पाठीमागं बायको हात पुसत उभी.

"ते किरकिरणारं आधी बंद करा," ती म्हणाली. "कुत्र्याला पण सहन व्हायचं नाही."

"तुला काय ऐकू येतंय?"

"तुम्हाला येत नाहीये?"

गेली काही वर्षं माझं ठाम मत होतं की ही पुटपुटते. लेकीचाही उच्चार बिघडलाय, बातम्या देणारे हल्ली शब्द खातात, असंही माझं निरीक्षण होतं. सगळं जग एकाच वेळी पुटपुटायला लागलं तर त्याचं दुसरं काही कारण असू शकेल, हा विचार ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापकाला शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कान तपासून घ्यायला गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी मला एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे दाबत गेलो. पुढे पुढे दाबायचं काही कामच उरलं नाही, तेव्हा वाटलं तपासणी संपली. ती चालूच होती. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. अर्ध्यापर्यंत रेषा बरी सरळ होती आणि तिथून कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेलेली. असे आलेख मी फळ्यावर शेकड्यांनी काढलेत. मुलांना सांगायचो, हा म्हातारपणाचा आलेख, परीक्षेला हमखास येतो.

"वयानं होतं," त्या म्हणाल्या. "हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. घरचे काही बोलत नाहीत का?"

"बोलतात," मी म्हणालो, "पण पुटपुटतात."

त्या हसल्या नाहीत. हे त्यांनी बहुधा रोज ऐकलेलं असणार.

परतताना मी एका बाकावर बराच वेळ बसून राहिलो. गंमत बाजूला ठेवून सांगतो, मला वाईट वाटत होतं, आणि ते कानाचं नव्हतं. माझ्या मुकाट 'हं'वर विसंबून निवेदिकाबाई सुस्कारा सोडून बसल्या होत्या. कलमाप्रमाणे मी स्वतः ऐकलं होतं. मला काही ऐकू आलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे 'आवाज येत नाही' एवढं लिहून दिलं असतं तर ते अंतिम झालं असतं, बंधनकारक झालं असतं आणि धडधडीत खोटं झालं असतं. आणि यंत्रावरची रेघ बघून 'येतो' असं लिहिलं असतं तर ते खरं असूनही टिकलं नसतं, कारण कलमात ऐकून म्हटलं होतं, मोजून नाही.

म्हणून मी तिघांची बैठक मागितली. वकिलाच्या कचेरीत, लांबलचक टेबलाच्या एका टोकाला बसून, मी आलेख पुढे सरकवला.

"हा माझा कान," मी म्हणालो. "या आवाजाच्या पट्टीत तो कामाचा नाही. मला मोकळं करा आणि दुसरा माणूस नेमा. किंवा कलमातला 'ऐकून' शब्द बदलून 'मोजून' करा. दोघांनी सही केली की झालं."

वकिलानं आलेख कौतुकानं पाहिला. "सर, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे," तो म्हणाला. "पण माझ्या अशिलानं तुमचा कान मान्य केलाय. तो कसाही असो. शब्द बदलायला आमची संमती नाही."

"कान तुमचाच ठरलाय, सर," ठेकेदार म्हणाला. त्यात टवाळी नव्हती. आडदांड, साठीकडे झुकलेला माणूस, आणि त्याला मनापासून वाटत होतं की मी बाईंच्या दडपणाखाली हे बोलतोय. "मला ऐकू येत नाही, तुम्हाला येत नाही. दोघांचे कान खोटे आणि एकट्या बाई खऱ्या?"

मी निवेदिकेकडे पाहिलं. ती तरी मला हाकलेल अशी आशा होती.

"दुसरा तज्ज्ञ नेमायचा तर दोघांचं एकमत लागणार," ती थकून म्हणाली. "आमचं आज वार कुठला यावरही एकमत व्हायचं नाही. मग कोर्ट, मग तारखा. माझं पुस्तक अर्धं वाचून पडलंय. तुम्ही आहात तेच राहा."

जन्मात पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना मी हवा होतो. एकीला माझ्यावाचून पर्याय नव्हता म्हणून, आणि दुसऱ्याला मी बहिरा होतो म्हणून.

वकील चष्मा काढून रुमालानं पुसत होता. मला त्या क्षणी सुचलं ते ध्वनिशास्त्रातलं नव्हतं.

"तुम्ही चष्मा लावून एखादा कागद पाहिलात," मी त्याला विचारलं, "तर तो तुम्ही स्वतः पाहिला असं म्हणाल की चष्म्यानं पाहिला?"

त्याचा रुमाल थांबला. "हे वेगळं आहे, सर."

"कसं?"

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "कानाचं मशीन लावून आलात तर आम्ही आक्षेप नोंदवून ठेवू. तज्ज्ञानं कार्यकक्षा ओलांडली, असा."

"जरूर नोंदवा," मी म्हणालो. "कसं ऐकायचं ते ठरवायचा अधिकार कलमानं मला दिलाय. ते वाक्य मी काल वाचलं." पहिल्यांदाच वाचलं, हे सांगितलं नाही.

मशीन आलं. दोन्ही कानांमागं बसणारं, काजूएवढं, दिसणारही नाही असं सांगून दिलेलं आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा तेच दिसणारं. सवय व्हायला वेळ द्या, असं सांगितलं होतं. त्या काळात मला कळलं की आपल्या घरातला नळ फुसफुसतो, कागदी पिशवी म्हणजे छोटा दंगा असतो आणि मी चालताना पाय घासतो. शिवाय बायको पुटपुटत नव्हती. ती रोजच्या आवाजात, स्पष्ट उच्चारात, माझ्याबद्दल बोलत होती. पहिल्या सकाळी मी पेपर वाचत असताना ती माझ्या मागून जाताना म्हणाली, "बसले बघा बादशहा." मी वळून पाहिलं. ती दचकली.

"आता पंचाईत झाली," ती म्हणाली. "बोलायचं कुठं?"

मी म्हणालो, बोल, मी ऐकलं नाही असं समजेन. त्या करारावर आमचं अजून बरं चाललंय.

मला एक गोष्ट मात्र खुपत होती. यंत्रावरची रेघ मी पाहिली होती. उत्तर आधी ठाऊक असलेला माणूस ऐकायला बसला तर त्याला काहीही ऐकू येतं. म्हणून मी अशी पद्धत ठरवली की मला हरायची संधी राहील. मी खोलीत काचेकडे पाठ करून बसणार. बाहेर वकील त्याला वाटेल तसं हवेचं यंत्र चालू किंवा बंद करणार आणि स्वतःशी लिहून ठेवणार. प्रत्येक वेळी तो खोलीतला दिवा लावेल, त्यावर मी 'येतो' किंवा 'येत नाही' लिहायचं. हवा अंगाला लागून कळू नये म्हणून मी कोट घालून, मानेभोवती मफलर गुंडाळून बसलो. त्या वेषात निवेदिकेनं मला पाहिलं आणि ती पहिल्यांदाच हसली.

दिवा लागला. मी ऐकलं. शिटी. स्पष्ट, दणदणीत शिटी. मी मोठ्या समाधानानं 'येतो' लिहिलं. मग मान जरा हलवली आणि शिटी थांबली. मफलर मशीनला घासत होता, ती शिटी माझीच होती. मफलर सैल केला. लिहिलेलं खोडलं नाही. तज्ज्ञानं खाडाखोड केली असंही कुणी म्हणायला नको.

दिवा पुन्हा लागला. काही नाही. पुन्हा लागला, आणि तेव्हा मला तो ऐकू आला. अगदी बारीक, केसाएवढा, वरच्या कोपऱ्यातून येणारा. तो आवाज असा होता की एकदा सापडला की मग दुसरं काही ऐकूच येईना. या बाई यात तासन् तास वाचत बसत होत्या, आणि लोक त्यांना म्हणत होते की काही येत नाही. मी तिथं बसून, मफलर सावरत, पुढचे सगळे दिवे लिहून काढले.

बाहेर टेबलावर आम्ही माझा कागद आणि वकिलाचा कागद शेजारी ठेवले. पहिलं उत्तर चुकलं होतं. पुढचं प्रत्येक बरोबर.

"पहिलं चूक आहे," वकील म्हणाला.

"आहे," मी म्हणालो. "का चुकलं तेही निर्णयात लिहितो. आणि निर्णय असा की आवाज येतो. यंत्र चालू असताना कानाला जाणवतो. मी स्वतः ऐकलाय."

वकिलानं पेन उघडलं. "आम्ही याला आव्हान देऊ. तज्ज्ञानं उपकरण वापरलं, कलमात उपकरण नाही." तो ठेकेदाराकडे वळला. "साहेब, आपली बाजू वाईट नाहीये."

ठेकेदार उठला. तो खोलीत गेला, खुर्चीत बसला, छताकडे तोंड करून. यंत्र चालू होतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्या खुर्चीत बसूनच कळायला हवं होतं.

"निर्णय देऊन झालाय," मी म्हणालो. "आता मी इथं तज्ज्ञ नाही, नुसता माणूस आहे. एक गोष्ट ऐकवू का?"

मी बरोबर आणलेल्या संगणकावर पहिल्या दिवशीचं ध्वनिमुद्रण उघडलं आणि ते चौपट संथ लावलं. असं केलं की वरच्या पट्टीतला आवाज खाली उतरतो, आमच्यासारख्यांच्या कानांच्या टप्प्यात येतो. खोलीभर एक सलग, रडका सूर पसरला. वकिलानं तोंड वाकडं केलं. ठेकेदार पुढे वाकला.

"हे काय आहे?"

"तुमच्या छतातला आवाज. फक्त खाली आणलाय."

"हा त्यांना ऐकू येतो?"

"मूळचा येतो. याच्यापेक्षा बारीक."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," निवेदिका म्हणाली. तिनं ते दोष द्यायला म्हटलं नाही.

ठेकेदारानं हात लांब करून संगणकाचा आवाज स्वतःच बंद केला. मग वकिलाला म्हणाला, "राहू द्या."

"साहेब, आव्हान दिलं तर..."

"राहू द्या म्हटलं ना. आवाज आहे तर आहे." मग तो निवेदिकेकडे वळला, पण नजर तिच्या खांद्यापर्यंतच पोचली. "तुम्ही कांगावा करता असं मी चार ठिकाणी बोललो. त्या चारही ठिकाणी जाऊन उलटं सांगतो."

"मीही बोललेय तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "हातचलाखी करून पैसे उकळता, असं. माझीही दोन-तीन ठिकाणं आहेत."

"मग बरोबरच जाऊ," तो म्हणाला, आणि हे तो गंभीरपणे म्हणाला असं वाटतं.

दोष सापडायला वेळ लागला नाही. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा डबा छताच्या आत, खोलीच्या अगदी डोक्यावर बसवला होता. तो गात होता. ठेकेदारानं दुसऱ्या बनावटीचा डबा आणला आणि तो बाहेरच्या जिन्याजवळ हलवला. काम झाल्यावर कलमाप्रमाणे मी परत ऐकायला गेलो. या वेळी खरंच काही नव्हतं. तरी मला खात्री होईना. मशीनची बॅटरी संपली असली तर? मी कानाजवळ बोटं घासून पाहिली, खुर्ची करकरवली, शेवटी स्वतःशी मोठ्यानं आकडे म्हटले. मायक्रोफोन चालू होता. बाहेर निवेदिका, ठेकेदार आणि तिचं ध्वनिमुद्रण करणारा माणूस हे सगळं ऐकत होते.

"समाधान झालं का सर?" काचेपलीकडून तिचा आवाज आला.

"आवाज येत नाही," मी म्हणालो. "अंतिम."

सह्या झाल्यावर ती लगेच आत जाऊन वाचायला बसली. दिवा लाल झाला. आम्हाला बाहेर जायची खूण झाली.

ठेकेदार माझ्याबरोबर जिना उतरला. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकूनच म्हणाला, "सर, त्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता द्याल का? एका ओळखीच्या माणसाला हवाय."

"देतो की. किती वयाचा आहे?"

"माझ्याच," तो म्हणाला. मग नाडी बांधलेलीच होती हे लक्षात येऊन उभा राहिला. "कंपनीत पोरं काही सांगायला लागली की मी ओरडतो, नीट बोला म्हणून. त्यांना वाटतं मी चिडलोय."

मी पत्ता लिहून दिला. तो कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढून वाचला. मग मला घरापर्यंत सोडतो म्हणाला. त्याच्या गाडीत रेडिओ इतक्या मोठ्यानं लागला की मला कानांमागची दोन्ही मशीनं काढून हातात धरावी लागली, आणि मग आम्ही दोघं अगदी आरामात, एकमेकांचं अर्धं अर्धं ऐकत, गप्पा मारत निघालो.